एका शहराला टॉवर हवेत, शेजारच्याला नकोत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीच्या एका काठावर सहा-सात मजल्यांच्या वर काही दिसत नाही आणि पलीकडच्या काठावर तीस-चाळीस मजल्यांची रांग लागलेली असते. जगात अशा जोड्या बऱ्याच आहेत. त्यांच्याबद्दल विचारले जाणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. काही उत्तरांत लिहिणाऱ्याचं मतही आहे, ते तसंच ठेवलं आहे.

हवा तीच, माणसं तीच, रेल्वेमार्गही तोच. मग दोन शेजारी शहरांची भूमिका इतकी वेगळी कशी?

"तिथल्या लोकांना उंच इमारती आवडत नाहीत" हे उत्तर ऐकायला सोपं आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही. माणसं रोज हद्द ओलांडून कामाला जातात, भाडं परवडेनासं झालं की पलीकडे राहायला जातात. पूल ओलांडल्यावर कोणाची आवडनिवड बदलत नाही. बदलतं ते वेगळंच. परवानगी कोण देतं, परवानगी देणाऱ्याला निवडून कोण देतं, इमारतीचा कर कोणाच्या तिजोरीत जातो आणि सावली, गर्दी, पाणीटंचाई कोणाच्या वाट्याला येते, या चार प्रश्नांची उत्तरं हद्दीच्या दोन बाजूंना वेगळी असतात. शहराचा 'स्वभाव' म्हणून जे सांगितलं जातं त्यातला बराचसा भाग या चार उत्तरांतून तयार झालेला असतो. इतिहासाचा वाटा आहेच, त्याबद्दल पुढे येईल.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी. आपल्या ठेंगण्या क्षितिजाचा अभिमान बाळगणारं शहर अनेकदा शेजाऱ्याच्या टॉवरच्या जिवावर तो बाळगत असतं. कचेऱ्या आणि घरं कुठेतरी लागतातच. ती आपल्याकडे नकोत असं ठरवलं, तर ती पलीकडे उभी राहतात.

वॉशिंग्टनमध्ये टॉवर नाहीत आणि पोटोमॅक नदी ओलांडली की लगेच आहेत. हे कसं झालं?

१८९४ साली वॉशिंग्टनमधल्या एका निवासी रस्त्यावर 'कैरो' नावाची १६४ फूट उंच इमारत उभी राहिली. आजूबाजूला बैठी, फार तर तीन-चार मजल्यांची घरं होती. शेजारी खवळले, आणि त्यांच्या तक्रारीत सौंदर्यापेक्षा आगीची भीती मोठी होती: इतक्या उंचीवर बंबवाल्यांची शिडी पोचणार कशी? १८९९ साली अमेरिकी संसदेने उंचीवर मर्यादा घालणारा कायदा केला आणि १९१० साली तो नव्याने लिहिला. १९१०चा तो कायदा आजही लागू आहे. त्यातला ढोबळ नियम असा, की इमारतीची उंची समोरच्या रस्त्याची रुंदी अधिक २० फूट यापेक्षा जास्त नको. त्यावरही कमाल मर्यादा आहे: निवासी रस्त्यांवर ९० फूट, व्यापारी रस्त्यांवर १३० फूट आणि पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूच्या एका पट्ट्यात १६० फूट.

इथे मुद्दा असा, की हा कायदा शहराने केलेला नाही. तो देशाच्या संसदेचा आहे आणि शहराला तो आपल्या मर्जीने बदलता येत नाही. नदीपलीकडचं आर्लिंग्टन मात्र व्हर्जिनिया राज्यात येतं, तिथे हा कायदा पोचत नाही. गंमत म्हणजे आर्लिंग्टनचा भाग सुरुवातीला राजधानीच्याच हद्दीत होता. १८४६ साली संसदेने तो व्हर्जिनियाला परत देण्याचा कायदा केला. तेव्हा उंच इमारती कोणाच्या डोक्यातही नव्हत्या. पण ती रेष तशी आखली गेली नसती, तर आज आर्लिंग्टनमधल्या रॉसलिन भागात ३९० फुटांचा टॉवर दिसला नसता.

आर्लिंग्टनने नुसती परवानगीची खिरापत वाटली असंही नाही. मेट्रो येणार हे ठरल्यावर स्थानिक प्रशासनाने आग्रह धरला, की मार्ग महामार्गाच्या मधून न नेता जुन्या व्यापारी रस्त्याखालून न्यावा. रॉसलिनपासून बॉलस्टनपर्यंत पाच स्टेशनं आली. मग नियम असा केला, की स्टेशनपाशी सगळ्यात जास्त उंची, आणि चालत लांब जावं तशी उंची उतरत जाऊन शेवटी जुन्या बंगल्यांना भिडावी. बंगल्यांच्या गल्ल्यांना हात लावला नाही. टॉवर आणि बंगलेवाले तिथे शेजारीशेजारी नांदतात त्याचं कारण हा सौदा आहे.

संसदेच्या घुमटापेक्षा उंच बांधायचं नाही, हाच तो वॉशिंग्टनचा नियम ना?

नाही. ही गोष्ट पर्यटकांना सर्रास सांगितली जाते, पण कायद्यात घुमटाचा संबंध नाही. घुमट सुमारे २८८ फूट उंच आहे, कायद्याची मर्यादा त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळते.

मग वॉशिंग्टनच्या लोकांना ही मर्यादा जाचक वाटत नाही का?

२०१२ साली संसदेच्या एका समितीने शहरालाच विचारलं, की कायदा सैल करायचा का. शहराच्या नियोजन खात्याचं उत्तर होतं: हो, थोडी मोकळीक द्या. पण निवडून आलेल्या नगर परिषदेने जवळपास एकमुखाने उलटा ठराव केला. शेवटी २०१४ साली बदल झाला तो एवढाच, की गच्चीवर यंत्रसामग्रीसाठी असलेल्या मजल्यावर माणसांनाही वापर करता यावा. नियोजनकाराला उद्या येणारा रहिवासी दिसतो आणि नगरसेवकाला आजचा मतदार. ही दरी जवळपास प्रत्येक शहरात सापडेल.

पॅरिसने टॉवर नाकारले म्हणतात, पण 'ला देफाँस' तर टॉवरनी गच्च भरलेलं आहे. नेमकं काय?

ला देफाँस पॅरिसमध्ये नाही. ते प्युतो, कुर्बव्हा आणि नाँतेर या शेजारच्या नगरपालिकांच्या जमिनीवर आहे. पॅरिस शहराची स्वतःची हद्द लहान आहे, साधारण १०५ चौरस किलोमीटर. फ्रान्सच्या सरकारने १९५८ साली ला देफाँससाठी स्वतंत्र विकास संस्था स्थापन केली आणि कचेऱ्यांचे टॉवर हद्दीबाहेर, पण शहराच्या मुख्य अक्षावरच वसवले. विजय कमानीखाली उभं राहून पश्चिमेला पाहिलं, की सरळ रेषेत ते दिसतात. १९७२ साली कमानीमागून टॉवरची डोकी दिसू लागल्यावर त्यावरूनही मोठं वादंग झालं होतं.

शहराच्या आत मोंपार्नासचा २१० मीटरचा टॉवर १९७३ साली पूर्ण झाला आणि पॅरिसकरांनी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही. १९७७ साली शहरात ३७ मीटरची मर्यादा आली. २०१० साली ती काही ठरावीक जागांपुरती सैल झाली: घरांना ५० मीटर, कचेऱ्यांना १८० मीटर. त्या सवलतीतून 'ट्रायँगल' हा १८० मीटरचा टॉवर मंजूर झाला, आणि त्यावरून इतकी वर्षं भांडणं झाली की २०२३ साली नगर परिषदेने पुन्हा ३७ मीटरवर येणं पसंत केलं.

माझं मत विचाराल तर पॅरिसची ही सोवळी भूमिका प्रामाणिक आहे, पण एकट्याच्या बळावरची नाही. ला देफाँसमधल्या कचेऱ्या तिथे नसत्या तर त्यांची मागणी शहराच्या आतल्या गल्ल्यांवर येऊन आदळली असती, आणि ३७ मीटरचा नियम इतकी वर्षं टिकला असता का, याची शंकाच आहे.

टॉवर नाहीत म्हणजे गर्दी कमी, असं समजायचं का?

अजिबात नाही. पॅरिसमध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे २० हजार माणसं राहतात, तेही बहुतांश सहा-सात मजल्यांच्या इमारतींत. टॉवरनी भरलेली कितीतरी उपनगरं याच्या जवळपासही जात नाहीत.

हिशोब साधा आहे. दहा हजार चौरस मीटरचा भूखंड घ्या आणि एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) ३ धरा, म्हणजे एकूण ३० हजार चौरस मीटर बांधकाम. अर्ध्या भूखंडावर इमारत पसरली तर सहा मजले होतात. दहाव्या हिश्श्यावर बांधली तर तीस मजले. चटईक्षेत्र दोन्हीकडे तेवढंच, राहणारी माणसंही जवळपास तेवढीच. उलट तीस मजल्यांत लिफ्ट, दोन-दोन जिने, पाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या यांनी खाल्लेली जागा जास्त, म्हणून प्रत्यक्ष वापरायला थोडं कमीच मिळतं. फरक उरलेल्या नव्वद टक्के जमिनीत पडतो. तिथे बाग झाली तर सोनं. गाड्यांचं पार्किंग झालं, तर सहा मजलीवाले बरे होते असं म्हणायची पाळी येते.

म्हणून दोन शहरांची तुलना करताना उंची आणि एफएसआय हे दोन आकडे वेगवेगळे विचारावेत. 'आम्ही गर्दी रोखली' म्हणणाऱ्या शहराने कधीकधी फक्त उंची रोखलेली असते. आणि 'आम्ही खूप घरं बांधली' म्हणणाऱ्याने थोडीच, पण उंचावर बांधलेली असतात.

कर आणि मतदार यांचा इतका प्रभाव पडतो का?

लंडन पाहा. बाहेरून एकच शहर वाटतं, पण बांधकामाची परवानगी देणारी नगर मंडळं वेगवेगळी आहेत. 'सिटी ऑफ लंडन' हा जुना चौरस मैल आणि त्याला लागून वेस्टमिन्स्टर. चौरस मैलात टॉवरचा पुंजका आहे, वेस्टमिन्स्टरमध्ये ते मोजकेच. चौरस मैलात राहणारे लोक दहा हजारांच्याही आत आहेत आणि कामाला येणारे पाच लाखांहून जास्त. शिवाय तिथल्या स्थानिक निवडणुकीत कंपन्यांनाही मतदार नेमता येतात, ब्रिटनमध्ये इतरत्र ही सोय उरलेली नाही. जिथे मतदारच व्यापारी, तिथे टॉवरला विरोध करणार कोण? वेस्टमिन्स्टरमध्ये दोन लाखांच्या आसपास रहिवासी आहेत, आणि त्यांना आपल्या चौकातलं आकाश प्यारं आहे.

तरीही चौरस मैल पहिल्यापासून इतका उत्साही नव्हता. १९८१ साली सरकारने पूर्वेकडच्या ओस पडलेल्या गोद्यांसाठी विकास महामंडळ स्थापलं. तिथल्या कॅनरी वॉर्फमध्ये मोठ्या बँकांना मोठे, सलग मजले मिळू लागले आणि १९९१ साली २३५ मीटरचा टॉवर उभा राहिला. बँका हातच्या जाणार हे दिसताच जुन्या चौरस मैलाने ऐंशीच्या दशकातच आपले नियम सैल करायला घेतले होते. शेजारी काय करतो यावर आपली तत्त्वं किती लवकर मऊ होतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

तिथेही एक गोष्ट मात्र कोणी सोडलेली नाही. सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या घुमटाचं दृश्य ठरावीक जागांवरून झाकलं जाऊ नये, हा नियम कडक आहे. लेडनहॉल रस्त्यावरचा २२५ मीटरचा टॉवर एका बाजूने पाचरीसारखा तिरका कापलेला आहे, लोक त्याला 'चीज किसणी' म्हणतात. तो तिरकेपणा वास्तुविशारदाची हौस म्हणून आलेला नाही. फ्लीट स्ट्रीटवरून पाहताना टॉवरचा माथा घुमटापासून बाजूला झुकावा म्हणून तो तसा आहे. नियम नीट लिहिला तर इमारतीला आकारही देतो, तो असा.

घरमालक टॉवरला विरोध करतात आणि भाडेकरू पाठिंबा देतात, हे खरं आहे का?

काही ठिकाणी खरं आहे. पण कॅनडातल्या बर्नबीची गोष्ट ऐकली की हा नियम डळमळतो.

बर्नबी व्हँकूव्हरला खेटून आहे. व्हँकूव्हरने १९८९ साली डोंगर आणि समुद्राकडे जाणारे नजरेचे पट्टे ठरवून दिले आणि त्यांच्या आड येणाऱ्या इमारतींची उंची छाटली. २०२४ साली त्यातले काही पट्टे अरुंद किंवा रद्द केले, पण मूळ कल्पना कायम आहे. बर्नबीने दुसरी वाट धरली. मेट्रोटाउन, ब्रेंटवुड, लोहीड आणि एडमंड्स अशी चार केंद्रं ठरवली आणि रेल्वे स्टेशनांभोवती उंचीचे दरवाजे उघडले. तिथे आता साठ मजल्यांच्या वर गेलेल्या इमारती आहेत. केंद्रांबाहेरच्या बंगल्यांच्या वस्त्या मात्र तशाच राखल्या.

ऐकायला सगळं छान. पण मेट्रोटाउनमध्ये टॉवर आले ते मोकळ्या जमिनीवर नव्हे. तिथे तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या, स्वस्त भाड्याच्या जुन्या चाळवजा इमारती होत्या. त्या पाडून टॉवर झाले आणि भाडेकरूंना त्याच भागात परवडेल असं दुसरं काही मिळेना. बंगलेवाल्यांना हात लावायचा नाही असं ठरल्यावर पाडायला उरले ते भाडेकरूंचेच छप्पर. २०१८ साली अनेक वर्षं सत्तेत असलेले महापौर डेरेक कॉरिगन निवडणूक हरले, त्यामागे हा राग मोठा होता. त्यांच्या जागी आलेल्या माइक हर्ली यांच्या काळात पाडकामाच्या बदल्यात भाडेकरूला नव्या इमारतीत जुन्या भाड्याच्या आसपास परत येता यावं, असं धोरण आलं.

तेव्हा 'हे शहर टॉवरच्या बाजूचं' असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारावा: कोणाच्या घरावर?

क्योटो आणि ओसाका यांच्यात रेल्वेने अर्ध्या तासाचं अंतर. तरी एक इतकं ठेंगणं आणि दुसरं इतकं उंच का?

सुरुवात युद्धापासून करावी लागते. १९४५च्या बॉम्बहल्ल्यांत ओसाकाचा मोठा भाग जळून गेला. क्योटो बव्हंशी वाचलं. एकाकडे जपायला जुनं फारसं उरलं नाही, दुसऱ्याकडे मंदिरं, लाकडी घरं, अरुंद गल्ल्या सगळं शिल्लक राहिलं. ओसाकामध्ये २०१४ साली ३०० मीटरचा 'अबेनो हारुकास' उघडला.

क्योटोतही भांडणं झाली, आणि चांगली जोरात. १९६४ साली स्टेशनसमोर १३१ मीटरचा मनोरा उभा राहिला तेव्हा झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका हॉटेलला ६० मीटरची परवानगी मिळाली, तेव्हा तर काही मंदिरांनी त्या हॉटेलच्या पाहुण्यांना आत घेणार नाही असं जाहीर केलं. २००७ साली शहराने नवं दृश्य-धोरण आणलं. मध्यवर्ती भागातली कमाल उंची ४५ वरून ३१ मीटर झाली, जुन्या वस्त्यांत १५ मीटर, गच्चीवरच्या जाहिरातींना बंदी, आणि ३८ ठिकाणांहून दिसणारी दृश्यं संरक्षित.

धोरण यशस्वी झालं का? डोंगर दिसतात, म्हणजे झालं. पण मध्यवस्तीत घर घेणं तरुण कुटुंबांच्या आवाक्याबाहेर गेलं. पर्यटकांसाठीची हॉटेलं त्याच जमिनीवर डोळा ठेवून होती. मुलंबाळं झालेली जोडपी ओसाकाच्या बाजूला किंवा शिगा प्रांतात राहायला जाऊ लागली आणि शहराची लोकसंख्या घटू लागली, पर्यायाने करही. २०२३ साली क्योटोने मध्यवस्तीला न छेडता स्टेशनच्या दक्षिणेकडे आणि यामाशिनासारख्या कडेच्या भागांत उंचीची मर्यादा सैल केली. मंदिरांपासून लांब, पण शेजारी पळवत असलेल्या कुटुंबांना थोपवता येईल इतकी जवळ. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. सोळा वर्षं लागली, ही त्यातली खंत.

म्हणजे युद्धात उद्ध्वस्त झालेली शहरं उंच होतात, असा नियम आहे का?

कल तसा दिसतो, नियम नाही. रॉटरडॅमचं केंद्र १४ मे १९४० रोजी बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं आणि आज तिथे २१५ मीटरची इमारत आहे. अ‍ॅमस्टरडॅमने कालव्यांचा जुना पट्टा जपला आणि टॉवर दक्षिणेच्या झाउदास भागात ढकलले. दोन्हीकडे माती मऊ, दोन्हीकडे खोल खांब ठोकल्याशिवाय गत नाही. त्यामुळे 'जमीनच तशी आहे' ही सबब इथे चालत नाही. मात्र म्युनिकचंही युद्धात अतोनात नुकसान झालं होतं, तरी त्याने ठेंगणंच राहायचं ठरवलं.

विमानतळाचं काय? ते तर खरं कारण आहे ना?

हो, काही ठिकाणी आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या मध्यवस्तीतली उंची विमानांच्या मार्गाने बांधलेली आहे, आणि रॉसलिनचे टॉवरही राजधानीच्या विमानतळामुळे एका मर्यादेवर थांबतात. इथे वृत्तीचा प्रश्नच येत नाही.

काही शहरांत म्हणे कायदा नसतानाही कोणी उंच बांधत नाही. असं चालतं का?

बराच काळ चालतं आणि मग एका दिवसात मोडतं. फिलाडेल्फियात सिटी हॉलच्या माथ्यावर विल्यम पेन यांचा पुतळा आहे, जमिनीपासून ५४८ फुटांवर. त्याच्या हॅटपेक्षा वर जायचं नाही, असा संकेत होता. कुठे लिहिलेलं नव्हतं. १९८७ साली ९४५ फुटांची इमारत उभी राहिली आणि संकेत संपला. एकाने मोडल्यावर दुसऱ्याने पाळायचं कारणच उरत नाही.

म्युनिकमध्ये २००४ साली माजी महापौर गेऑर्ग क्रोनाविटर यांच्या पुढाकाराने सार्वमत झालं: फ्राउएनकिर्श या जुन्या चर्चच्या मनोऱ्यांइतकी, म्हणजे १०० मीटरची मर्यादा असावी का? मतदान करायला पाचातला जेमतेम एक जण आला आणि 'हो'ची बाजू अगदी निसटत्या बहुमताने जिंकली. कायद्याने हा कौल फक्त एक वर्ष बंधनकारक होता. राजकारण्यांनी तो त्यानंतरही वर्षानुवर्षं पाळला. एवढ्याशा मतांचा एवढा दबदबा! सार्वमतात हरण्याची भीती कायद्यापेक्षा जास्त काम करते.

टॉवरची सावली शेजारच्या शहरावर पडली तर?

सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना १०० मीटर उंच इमारतीची सावली सुमारे १७३ मीटर लांब पडते. ४५ अंशांवर १०० मीटर. हद्द तेवढ्या अंतरात असेल, तर सावली निवांत पलीकडे जाते. मात्र सडपातळ टॉवरची सावली अरुंद असते आणि पटकन सरकते. रुंद, बुटक्या इमारतीची सावली तिथेच बसून राहते. त्यामुळे नुसता उंचीचा आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९८४ साली कौल दिला, की ४० फुटांपेक्षा उंच नव्या इमारतीने शहराच्या उद्यानांवर हानिकारक सावली पाडू नये. 'शहराच्या' हा शब्द महत्त्वाचा. असे नियम सहसा आपल्या हद्दीतल्या बागांपुरते असतात. शेजारच्याची बाग हा शेजारच्याचा प्रश्न. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

शेजारच्या शहरातल्या इमारतीवर आपल्याला हरकत घेता येते का?

बहुतेक ठिकाणी हरकत नोंदवता येते, निर्णयात मत नसतं. पण दबाव आणता येतो, आणि कधीकधी तो कामी येतो.

हडसन नदीच्या न्यू जर्सी काठावर पॅलिसेड्स नावाचे सरळसोट कडे आहेत. समोर न्यूयॉर्कच्या काठावर क्लॉइस्टर्स संग्रहालय. तिथून कड्यांचं दृश्य अबाधित राहावं म्हणून धाकट्या जॉन डी. रॉकफेलर यांनी पलीकडच्या काठावर शेकडो एकर जमीन घेऊन राखून ठेवायला दिली होती. पुढे कड्यांच्या माथ्यामागे इंगलवूड क्लिफ्स या छोट्या गावात एलजी कंपनीला मुख्यालय बांधायचं होतं. तिथली मर्यादा ३५ फुटांची, गावाने १४३ फुटांना परवानगी दिली. गावाच्या दृष्टीने हिशोब सरळ होता: कर आपल्याला, रोजगार आपल्याला. दृश्य बिघडणार ते नदीपलीकडच्यांचं. झाडीच्या वर इमारतीचं डोकं दिसणार म्हणून दोन्ही काठांवरून आरडाओरडा झाला, खटले झाले आणि २०१५ साली तडजोड होऊन इमारत सुमारे ७० फुटांवर आली. तिने क्षेत्रफळ फारसं गमावलं नाही, आडवी पसरली. एवढं सोपं होतं, तर आधीच का केलं नाही?

जागतिक वारसा यादीचाही धाक असतो. कोलोनच्या कॅथीड्रलसमोर, ऱ्हाइनच्या पलीकडे टॉवर आखले गेले तेव्हा २००४ साली युनेस्कोने कॅथीड्रलला 'धोक्यातील वारसा' यादीत टाकलं. उंची कमी केल्यावर २००६ साली नाव काढलं.

उंच बांधलं की घरं स्वस्त होतात का?

त्या टॉवरमधली नाही. उंची वाढते तसा दर चौरस मीटरचा बांधकाम खर्च वाढतो: पाया, लिफ्ट, अग्निसुरक्षा, वाऱ्याला तोंड देणारा सांगाडा. चाळिसाव्या मजल्यावर गरिबाला घर मिळेल ही आशा बाळगू नये. पण एका भागात एकूण घरं पुरेशी वाढली तर बाकीच्या घरांवरचा ताण हलका होतो, आणि त्यासाठी टॉवरच लागतात असं नाही. सगळीकडे तीन-चार मजल्यांना परवानगी दिली तरी बराच पल्ला गाठता येतो. मोठी अडचण ही, की एक शहर बांधतं आणि तीन शेजारी हात झटकतात. मग बांधणाऱ्या शहरात गर्दी येते, दर काही हलत नाहीत आणि 'बघा, बांधून काय उपयोग झाला' असं म्हणायला बाकीचे मोकळे.

मग शहरांचा अधिकार काढून घेऊन वरच्या सरकारने एकच नियम करावा का?

काही ठिकाणी केला आहे. व्हँकूव्हर ज्यात येतं त्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२३ साली कायदा केला, की महानगर व्हँकूव्हरमध्ये स्कायट्रेन या तिथल्या मेट्रोच्या स्टेशनपासून २०० मीटरच्या आत किमान २० मजल्यांपर्यंतचा प्रस्ताव नुसत्या उंचीच्या कारणाने अडवता येणार नाही. लांब जावं तसा हा आकडा उतरतो, १२ आणि मग ८. उंचीचा आग्रह न धरणाऱ्या शहरांनाही हे लागू. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने वेगळा मार्ग घेतला. २०१० साली तिथली आठ स्थानिक मंडळं विलीन करून एकच परिषद झाली आणि २०१६ साली एकाच आराखड्याने निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर जास्त बांधकामाला मुभा मिळाली. त्यानंतर बांधकाम परवानग्या लक्षणीय वाढल्या. आठ वेगळ्या मंडळांनी हे केलं असतं, यावर विश्वास बसत नाही. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं.

वरून आलेला नियम नेहमी उंचीच्या बाजूचाच असतो असंही नाही. २०२१ साली चीनने तीस लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांत १५० मीटरपेक्षा उंच इमारतींवर निर्बंध आणले. शेजारच्या शहरापेक्षा आपला टॉवर उंच हवा, या चढाओढीला लगाम घालण्यासाठी.

माझा कल असा: किमान किती बांधू द्यायचं हे वरच्या सरकारने ठरवावं, कुठे आणि कोणत्या आकाराचं हे शहराने. दृश्याचा पट्टा कुठून जातो हे राजधानीत बसून कळत नाही.

एकाच शहराच्या पोटात दुसऱ्याची हद्द असेल तर काय होतं?

व्हँकूव्हरमध्ये तेच चाललंय. किट्सिलानो भागाला लागून, बरार्ड पुलाखाली स्क्वामिश नेशन या आदिवासी समाजाची राखीव जमीन आहे. १९१३ साली त्यांना तिथून हुसकावलं होतं, पुढे न्यायालयीन लढाईनंतर जमिनीचा तुकडा परत मिळाला. तिथे 'सेनाक्व' नावाचा ११ टॉवर आणि सुमारे सहा हजार घरांचा प्रकल्प २०२२ पासून उभा राहतो आहे. व्हँकूव्हरचे उंचीचे नियम त्या जमिनीला लागू नाहीत. भोवताली बैठी घरं. तिथल्या रहिवासी संघटनेने शहराने केलेल्या पाणी-रस्ते सेवा कराराला न्यायालयात आव्हान दिलं आणि ते फेटाळलं गेलं.

एखाद्या शहराची खरी भूमिका ओळखायची कशी? भाषणं तर सगळे सारखीच करतात.

आराखड्याचा नकाशा मागवा आणि रंग बघा. उंचीला परवानगी असलेला रंग किती जमिनीवर आहे आणि तिथे आज कोण राहतं? मोकळी जमीन, जुनी कारखान्यांची जागा, भाडेकरूंच्या इमारती की बंगले? मग मागच्या काही सुनावण्यांची इतिवृत्तं वाचा. सुनावणी कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवत असतील, तर तिथे निवृत्त घरमालक येणार आणि दोन नोकऱ्या करणारा भाडेकरू येणार नाही, हे ठरलेलं आहे. परवानग्या नियमानुसार आपोआप मिळतात की प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी सूट घ्यावी लागते, तेही पाहा. कागदावर ४० मीटरची मर्यादा आणि प्रत्यक्षात प्रत्येक इमारतीला अपवाद, असं असेल तर त्या शहराने उंची नाकारलेली नाही, तिचा भाव ठरवला आहे. हद्दीवरचे शेवटचे चार भूखंडही बघून घ्या. आपल्या मध्यवस्तीत नको असलेलं शहरं तिथेच मंजूर करतात.